डनलॉप गाडीचे जू

मराठीत ‘चाकोरी’ या शब्दाची नाहक बदनामी झाली आहे. एखाद्या लेखकाची स्तुती करायची तर त्याने चाकोरी मोडली म्हणायचे, आणि एखाद्या कारकुनाची कीव करायची तर बिचारा चाकोरीत अडकला म्हणायचे! गेली वीस वर्षे मी मराठी शिकवते. उत्तरपत्रिकांतून हा शब्द हजार वेळा तरी भेटला असेल, पण चांगल्या अर्थाने एकदाही भेटला नाही. वास्तविक चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पाडलेली वाट. ज्याने आषाढात काळ्या रानातून भरली गाडी बाहेर काढली आहे, तो माणूस चाकोरीला नावे ठेवायला धजणार नाही. त्या चिखलात चाकोरी सापडली म्हणजे बुडत्याच्या पायाला जमीन लागली.

आमच्या धाराशिव जिल्ह्याचे (२०२३ पर्यंत कागदोपत्री तो उस्मानाबाद जिल्हा होता) काही अंग बालाघाटाच्या मुरमाड माळांचे, तर काही तेरणा-मांजरेच्या काठच्या काळ्या जमिनीचे. शहरातल्या माणसाला काळी माती म्हटले की कापूस आणि ज्वारी आठवते. गाडीवानाला आठवते तिचे चिकटणे. या मातीच्या बारीक कणांची घडणच अशी असते की त्यांच्या थरांत पाणी शिरले की ते फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. म्हणून वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि आषाढात तिच्यात पाऊल टाकले तर पाय निघतो, चप्पल निघत नाही.

जुनी बैलगाडी घडली ती या मातीसाठी. चाक चार-साडेचार फूट उंच, पण त्याच्यावरची लोखंडी धाव मात्र जेमतेम दोन-अडीच इंच रुंद. चाक उंच असल्यामुळे खळग्यात अडकत नाही, आणि धाव अरुंद असल्यामुळे वरचा रबरबीत थर कापून खालच्या घट्ट तळाला टेकते. पहिली गाडी जिथून जाते तिथूनच दुसरी जाते, तिसरी जाते. तळ दाबला जातो, कडा उभ्या राहतात, झाली चाकोरी तयार! म्हणून पंचक्रोशीतला सुतार दोन चाकांमधले अंतर सहसा बदलत नसे. ते बदलले तर एक चाक चाकोरीत आणि दुसरे वरंब्यावर, अशी गाडी तिरकी चालायची.

कळंब तालुक्यातल्या एका गावी एक वृद्ध सुतार आहेत. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणते. चाकाच्या अवयवांची नावे मला कोशापेक्षा त्यांनीच चांगली शिकवली. मधला लाकडी गड्डा तो तुंबा, त्यातून निघणारे ते आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेल्या वाकड्या फळ्यांचे ते कडे, आणि त्या साऱ्याला आवळून धरणारी ती धाव. लाकूड बाभळीचे. धाव चढवायची तर चाक जमिनीवर आडवे ठेवायचे, लोखंडी कडे गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायचे, दोघा-तिघांनी सांडशांनी उचलून चाकावर बसवायचे, आणि लाकूड पेट घेते न घेते तोच घागरीने पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सगळे सांधे कडकड आवाज करीत जागच्या जागी बसतात. ‘‘त्यो आवाज आला की समजायचं, आता धा वर्सं काळजी न्हाई,’’ असे आबा सांगतात. खिळा नाही, डिंक नाही. सगळी भिस्त तापल्या लोखंडाच्या आकसण्यावर.

हे सारे आठवायला कारण झाला माझा भाचा. तो कॅनडात असतो, कॅलगरी शहरात. मागच्या हिवाळ्यात त्याने एक स्नोमोबाइल विकत घेतली, तीही जुनी. मग दर रविवारी फोनवर मला त्या यंत्राची कुंडली ऐकावी लागू लागली. वाचकांपैकी बहुतेकांनी हे वाहन चित्रपटातच पाहिले असेल. पुढे जमिनीलगत दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा पण रबराचा एक रुंद पट्टा, आणि मध्ये मोटारसायकलसारखी बैठक. हँडल वळवले की पुढच्या पट्ट्या वळतात. मागचा पट्टा फिरतो आणि वाहन बर्फावरून धावते.

भाच्याची अडचण अशी, की त्याने घेतलेली गाडी डोंगरातली होती. डोंगरात बर्फ कमरेइतके खोल आणि पिठासारखे भुसभुशीत. तिथे तरून राहायचे तर मागचा पट्टा लांबच लांब लागतो, एकूण घेर १५५ ते १६५ इंच. त्या पट्ट्यावर बर्फ उपसणारी रबरी फळे असतात, तीही अडीच-तीन इंच उंच. पुढच्या दोन घसरपट्ट्या एकमेकींजवळ, साधारण ३६ इंचांवर, म्हणजे उतारावर गाडी एका अंगावर कलवता येते. आता शहराजवळच्या वाटा निराळ्या. तिथे रात्री एक अवजड यंत्र येते आणि मागे बांधलेल्या पात्याने सगळे उंचवटे कापून, बर्फ ढवळून, दाबून सपाट करून जाते. आपण पेरणीआधी रानावर मैंद फिरवतो ना, तसेच. रात्रीच्या थंडीत ते बर्फ गोठून कठीण होते आणि सकाळी वाट सिमेंटसारखी तयार. चाकांनी पाडलेली नव्हे, सरकारी देखरेखीत घडवलेली चाकोरीच म्हणा!

या कठीण वाटेवर डोंगरातली गाडी आणली की ती बिथरते. वळणावर कलंडू पाहते, कारण पुढचे पाय जवळजवळ. उंच फळांना रुतायला काही मिळत नाही. ती वाकतात, थरथरतात. इंजिन थंड ठेवायला मागून उडणारे भुसभुशीत बर्फ लागते, ते कठीण वाटेवर उडतच नाही, म्हणून इंजिन तापते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, वेग दिला की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि हँडल फिरवले तरी ती सरळच जाते.

हे शेवटचे लक्षण ऐकले आणि मी फोनवरच म्हणाले, ‘‘अरे, मग तुझी गाडी उलाळ आहे!’’

भाचा पुण्यात वाढलेला. त्याला शब्द कळेना. ‘‘मावशी, उलाळ म्हणजे?’’

उलाळ म्हणजे मागे जड झालेली गाडी. दोन चाकांच्या गाडीत ओझे आसाच्या मागे जास्त झाले की पुढची दांडी वर उचलली जाते, तिच्याबरोबर जू वर जाते आणि बैलांच्या गळ्याखालची जुपणी आवळते. बैल घुसमटतात. उलट ओझे पुढे जास्त झाले तर दांडी खाली दबते आणि सगळा भार मानेवर येतो. म्हणून गाडी भरणे हीही एक विद्या असे. जाणता गाडीवान पोती रचून झाल्यावर दांडी हाताने उचलून पाहतो आणि एखादे पोते वीतभर मागेपुढे सरकवतो.

भाच्यानेही तेच केले, फक्त पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन. मागच्या पट्ट्याच्या सांगाड्यात एक आवळपट्टी असते, ती त्याने आखूड केली. त्यामुळे भार पुढच्या पट्ट्यांवर आला आणि नाक खाली बसले. पुढचे दोन्ही पाय त्याने वाटेवरच्या गाड्यांसारखे ४२ इंचांच्या आसपास रुंद करून घेतले. घसरपट्ट्यांच्या तळाला कठीण धातूच्या धारदार सळ्या बसवल्या, म्हणजे त्या गोठलेल्या बर्फात चरा पाडून वळतात. वळणावर अंग कलू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांना जोडणारा आडवा दांडा घातला, आणि वाटेवरचे बर्फ खरवडून इंजिनाच्या गारव्यासाठी मागे उडवणारे दोन तारांचे आकडे लावले. पट्टाही बदलला, आता फळे दीड इंचाची. एवढे सगळे झाल्यावर गाडी वाटेवर शहाण्यासारखी चालू लागली. पण मग डोंगरात नेली तर तिथे ती कलेना! एका वाटेसाठी जे गुण कमावले ते दुसऱ्या वाटेवर दोष ठरले. ‘‘एक गोष्ट बदलली की पाच बदलाव्या लागतात, मावशी,’’ तो म्हणाला. हे वाक्य मी वहीत टिपून ठेवले.

या वाहनाचा इतिहास मोठा हृदयद्रावक आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हाल्कूर या गावी जोझेफ-आर्मां बोंबार्डिये नावाचा एक गॅरेजवाला कारागीर होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले, दवाखान्यात नेता येईना, आणि मूल दगावले. पुढे १९३७ मध्ये त्याने सात माणसे बसतील अशी बर्फावरची मोटार विकायला काढली. डॉक्टर, टपालवाले, शाळकरी मुले तिच्यातून जाऊ लागली. धंदा भरभराटीला आला. आणि १९४८ मध्ये सरकारने कायदा केला की हिवाळ्यात प्रांतातले सगळे रस्ते बर्फ काढून मोकळे ठेवायचे! लोकांचे भले झाले, पण बोंबार्डियेची विक्री निम्म्याच्या आसपास घसरली. रस्ता सुधारला आणि त्या रस्त्याच्या अभावावर जगणारी गाडी अडचणीत आली. पुढे १९५९ मध्ये त्याने एक-दोन माणसांची हलकी स्की-डू काढली. भाच्याची गाडी तिच्याच वंशातली.

योगायोग पाहा. त्याच १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले आणि आमचा जिल्हा स्वतंत्र भारतात आला. त्यानंतरच्या दशकांत इथेही खडीचे आणि मग डांबरी रस्ते हळूहळू पसरले, आणि आमच्या बैलगाडीपुढेही तेच कोडे उभे राहिले. काळ्या रानासाठी घडलेली गाडी आता सपाट, कठीण वाटेवर चालवायची होती.

मात्र वाट आणि वाहन यांचा एकत्र विचार करणारा एक माणूस आमच्या मुलखात आधी येऊन गेला होता, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. त्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ पर्यंत येडशी, ढोकीवरून लातूरला पोचली. रूळ अवघे अडीच फूट अंतराचे आणि वजनाला हलके. कॅलथ्रॉपने नियम केला की इंजिन असो, डबा असो की वाघीण, कोणत्याही आसावर ५ टनांहून जास्त भार पडता कामा नये. भार सगळ्या चाकांत सारखा वाटला की हलका रूळही तो सोसतो. आमच्याकडच्या जुन्या माणसांना त्या गाडीच्या सावकाशपणाचे विनोद तेवढे आठवतात. २००७-०८ मध्ये रुंद रूळ आले आणि ती गाडी गेली. पण भार कुणावर किती येतो हे आधी मोजायचे आणि मग गाडी बांधायची, ही तिची पद्धत आम्ही उचलली असती तर बरे झाले असते.

बैलगाडीच्या बाबतीत कुणी असे मोजले नाही. डांबरी रस्त्यावर लोखंडी धाव आली की दोघांचेही नुकसान. उन्हाळ्यात मऊ झालेले डांबर धाव सुरीसारखी कापते, आणि कठीण खडीवर आदळून चाकाचे आरे ढिले होतात. त्यावर तोडगा निघाला रबरी चाकाचा. हवा भरलेला टायर १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला. हे डनलॉपसाहेब पेशाने जनावरांचे डॉक्टर होते! आपल्याकडे बैलगाडीला टायर बसले आणि डॉक्टरसाहेबांचे नावच गाडीला चिकटले. डनलॉप गाडी म्हटले की आजही खेड्यात कुणी अर्थ विचारीत नाही. लाकडी तुंब्याच्या जागी लोखंडी आस आणि छऱ्यांची बेअरिंगे आली. वंगणाचे नळकांडे गाडीखालून नाहीसे झाले. आबांसारख्यांचा धंदाही त्याबरोबर बसला. ते आता दारे-खिडक्या करतात.

सपाट रस्त्यावर ही गाडी खरोखरच हलकी चालते, यात वाद नाही. लाकडी गाडीत टनाच्या आतबाहेर ओझे असे. टायरगाडीत दोन टन, प्रसंगी त्याहूनही जास्त ऊस भरतात. बैल तेच, दोनच. टायरने जी शक्ती वाचवली ती बैलाला विसावा म्हणून मिळाली नाही. तिच्या जागी आणखी ऊस आला.

ऊस म्हटल्यावर आमच्या जिल्ह्याचा दिवाळीनंतरचा देखावा सांगायला हवा. तुमच्याकडे फराळाची ताटे शेजारीपाजारी फिरत असतात त्या सुमारास कळंब, भूम, वाशी या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. कुणी जिल्ह्यातल्याच कारखान्यांवर, बरेचसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्यारावर करणारा हा हिशेब भाषेच्या शिक्षिकेला फार बोचतो, पण तो असो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी वसंत येईपर्यंत फडात राबायचे असते. ज्यांच्याकडे बैल आहेत त्यांना कारखाना टायरगाडी भाड्याने देतो. बैल स्वतःचे, गाडी कारखान्याची. पहाटे अंधारात तोड, मोळ्या बांधणे, गाडी भरणे, मग फडातून पाणंद, पाणंदीतून डांबरी, डांबरीवरून काट्यावर. रिकामी होऊन गाडी परत यायला पुष्कळदा मध्यरात्र.

माझ्या वर्गात गेल्या वर्षी असाच एका गाडीवानाचा मुलगा होता. दिवाळीच्या सुटीनंतर तो तीन आठवडे आला नाही. आला तेव्हा मी हजेरीचा विषय काढला, तर म्हणाला, ‘‘मॅडम, एका बैलाचा खांदा आला होता. दादांना एकट्याला झेपंना, म्हणून गेलो.’’ त्याच दिवशी वर्गात निबंधाचा विषय निघाला होता आणि कुणीतरी ‘पारतंत्र्याचे जोखड’ असे झोकात लिहिले होते. मी त्या मुलाला विचारले, जोखड कसे असते ते फळ्यावर काढून दाखवशील का? त्याने काढले. आडवे लाकूड, दोन्ही टोकांना शिवळा, मध्ये दांडी बांधायची खाच. मग खडूने दोन ठिकाणी गोल केले आणि म्हणाला, ‘‘समदं हितं येतंय.’’

ते दोन गोल मानेवरचे, वशिंडाच्या पुढचे. लाकडी गाडी गेली, धाव गेली, तुंबा गेला. जू मात्र आजोबाच्या वेळचे होते तेच राहिले. आता पाहा, भाच्याने गाडीचे नाक खाली बसवले तेव्हा तो भार लोखंडी घसरपट्टीवर गेला. आपल्या गाडीवानाने गाडी उलाळ होऊ नये म्हणून ऊस पुढे रचला की तो भार जातो जिवंत कातड्यावर. शिवाय उसाची रास माणसाच्या डोक्याच्या वर जाते. ओझे जितके उंच, तितका चढ-उतारावर त्याचा झोका मोठा. चढावर ते मागे कलते आणि जुपणी गळा आवळते. उतारावर पुढे कलते आणि दांडी मान दाबते. तुळजापूरचा घाट किंवा येडशीची उतरण मनात आणा. टायर जितका गुळगुळीत चालतो तितकीच गाडी उतारावर बैलांच्या अंगावर येते, आणि बहुतेक गाड्यांना ब्रेक नसतो. गाडी रोखून धरायची ती मानेनेच. जुन्या गाडीत चाकाचे घर्षण हेच निम्मे ब्रेकचे काम करी. ते आपण काढून टाकले आणि त्याच्या जागी काहीच बसवले नाही.

पायांचीही तीच कथा. रानात बैल अनवाणी चालतो, डांबरीवर खूर झिजतात, म्हणून पत्र्या माराव्या लागतात. भाच्याने घसरपट्टीखाली धारदार सळ्या लावल्या त्या बर्फात रुतण्यासाठी. बैलाची लोखंडी पत्री मात्र गुळगुळीत डांबरावर घसरते. पाय घसरलेला भरल्या गाडीचा बैल ज्याने पाहिला आहे त्याला पुढे सांगायला नको.

खांद्याचे दुखणे आपल्या लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या मानेला, खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळायचे, शेकायचे, आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आमंत्रण द्यायचे. वर्षभर ज्या जागी जू बसले तीच जागा या दिवशी यजमानाच्या हाताखाली येते. ज्या कुणी हा विधी सुरू केला त्याला भार कुठे येतो हे नेमके कळत होते. जनावरांचे डॉक्टर ज्याला खांदेसूज म्हणतात ती मात्र वर्षातल्या एका दिवसाच्या तुपाने जात नाही.

शिकल्यासवरल्या लोकांनी या प्रश्नाकडे पाहिलेच नाही असेही नाही. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला. मोठमोठ्या कारखान्यांचे व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख बैलाच्या मानेबद्दल बोलतो म्हणून पुष्कळांना गंमत वाटली असेल. पण चाक, बेअरिंग आणि जू या सगळ्यांचा एकत्र विचार करा, असे ते सांगत राहिले. कायदाही आहे. भारवाहू जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत बैलाच्या आकाराप्रमाणे आणि चाकाच्या प्रकाराप्रमाणे ओझ्याची मर्यादा ठरवली आहे. टायरच्या गाडीला साध्या गाडीपेक्षा जास्त, बेअरिंगच्या गाडीला त्याहून जास्त. जनावराला दिवसात ९ तासांहून अधिक जुंपू नये, सलग ५ तासांहून अधिक नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी १२ ते ३ मुळीच नाही, असेही त्यांत आहे. उसाच्या फडावर हे तास कोण मोजतो, हे मी लिहिण्याची गरज नाही. आणि गाडीवानाला दोष देऊनही भागत नाही. उचल फिटेपर्यंत त्याचेही तास कुणी मोजत नाही.

२०२२ मध्ये मात्र एक चांगली गोष्ट घडली. सांगली जिल्ह्यात राजारामनगरला राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे इंजिनिअरिंगचे कॉलेज आहे, उसाच्या मुलखात. तिथल्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या गाड्या रोज पाहिल्या आणि एक तिसरे चाक बनवले. नाव दिले ‘सारथी’. दोन बैलांच्या मधोमध, जोखडाजवळ, दांडीला खालून टेकण देणारे ते चाक. बैलांच्या उंचीप्रमाणे ते वरखाली करता येते. दांडी खाली दबली की भार मानेऐवजी या चाकावर जातो. बैलाने फक्त ओढायचे, पेलायचे नाही. कल्पना एवढी साधी की चित्र पाहताच वाटते, हे इतकी वर्षे कुणाला कसे सुचले नाही! समाजमाध्यमांतून ते चित्र देशभर फिरले.

मी ते चित्र त्या विद्यार्थ्याला दाखवले. त्याने मोबाइल जवळ घेऊन पाहिले, दोन बोटांनी मोठे करून पाहिले, आणि म्हणाला, ‘‘डांबरीवर बेस हाय, मॅडम. पण फडात?’’ त्याचा प्रश्न बरोबर होता. ऊस फडातून निघतो आणि फड काळ्या मातीचा. मध्ये पाणंद. पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारची योजना २०२१ पासून आहे आणि काही ठिकाणी मुरूम पडलाही आहे, पण फडातल्या ओल्या मातीत ते लहानसे चाक नांगराच्या फाळासारखे रुतणार आणि ओढ उलट वाढणार. शिवाय उतारावरच्या ब्रेकचा प्रश्न तिसऱ्या चाकाने सुटत नाही. मानेवरचा दाब कमी होतो, पण मागून येणारा लोट तसाच राहतो.

म्हणून या वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्या मुलाला घेऊन मी आबांकडे गेले. बरोबर त्याचे वडीलही आले होते. आबांनी चित्र दूर धरून पाहिले, चष्मा कपाळावर सारला, आणि म्हणाले, ‘‘पोरांनी डोकं चालवलंय. पर ह्येला बिजागरी पायजे.’’ मग कोळशाने फरशीवर आकृती काढून समजावू लागले. दांडीच्या खालच्या अंगाला लोखंडी पट्टी, पट्टीला बिजागरी, बिजागरीला चाकाचा दांडा. फडात असताना चाक वर दुमडून दांडीला कडीत अडकवायचे. डांबरीवर आले की कडी काढायची, चाक खाली सोडायचे आणि खीळ मारायची. मागच्या टायरांसाठी एक आडवे लाकूड आणि त्याला दोर, म्हणजे उतारावर गाडीवानाने दोर खेचला की लाकूड टायरला घासेल.

‘‘बैल मधल्या चाकाला बुजतील का?’’ वडिलांनी विचारले.

‘‘दोन दिस बुजतील,’’ आबा म्हणाले. ‘‘रिकाम्या गाडीला आधी लावा. भरल्या गाडीला एकदम लावायचं न्हाई.’’

वडील काही बोलले नाहीत. गाडी कारखान्याची, तिच्या दांडीला भोके पाडायची तर परवानगी लागेल, हे त्यांच्या मनात असावे. कारण जरा वेळाने त्यांनी भोक न पाडता पट्टी नुसती आवळून बसवता येईल का, असे विचारले. आबांनी दांडीची जाडी विचारली. ती कुणालाच नेमकी ठाऊक नव्हती. गाड्या कारखान्यावर गेल्यावरच ताब्यात मिळतात. मुलगा म्हणाला, तो पहिल्याच दिवशी सुतळीने मोजून माप मोबाइलवर कळवील. आबांनी सुतळीचे गुंडाळे आतून आणून त्याच्या हातात दिले आणि माप बाहेरच्या अंगाने घ्यायचे, आतल्या नव्हे, हे दोनदा बजावले.